गोळी माऊची, टेन्शन आपलं!

अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला की मांजराचं पोट बिघडतं, जेवण सुटतं आणि आपली रात्र लिटर ट्रेपाशी जाते. अशा वेळी प्रोबायोटिक खरंच कामाला येतं का? आणि आपलं घरचं दही?

रविवारची रात्र. सोसायटीतल्या दुसऱ्या बोक्याशी मारामारी करून तुमचे साहेब घरी परततात. मंगळवारी शेपटीजवळ गळू दिसतं. बुधवारी हाफ डे टाकून व्हेटकडे पळापळ. डॉक्टर गळू साफ करतात आणि हातात चिठ्ठी ठेवतात. अँटिबायोटिक, दिवसातून दोनदा, सात दिवस. ‘चला, सुटलो!’ म्हणत गुरुवारी तुम्ही ऑफिस गाठता. आणि शुक्रवारी रात्री दार उघडता तर काय... घरभर वास, लिटर ट्रेमध्ये पातळ शी, सोफ्याखाली उलटी. आणि साहेब? भिंतीकडे तोंड करून बसलेले. आवडत्या चिकनकडे ढुंकूनही बघत नाहीत.

अशा वेळी डोक्यात पहिला विचार कोणता येतो? ‘हे औषध त्याला सोसत नाहीये, बंद करून टाकू या!’

नेमकी इथेच गडबड होते. जखम वरून बरी दिसते, पण आतले जंतू अजून पुरते संपलेले नसतात. गोळी मधेच थांबली तर गळू पुन्हा भरू शकतं. मग पुन्हा व्हेट, पुन्हा रजा, पुन्हा बिल. शिवाय बोक्याचे हाल होतात ते वेगळेच. म्हणजे खरा प्रश्न पातळ शीचा नाहीच. ज्या औषधाने मांजर बरं होणार आहे, ते त्याला झेपवायचं कसं, हा आहे. प्रोबायोटिकचा विचार करायचा तो यासाठी. कोर्स पार पडावा म्हणून घेतलेला मदतनीस, एवढंच त्याचं काम. जादूची पावडर समजून आणाल तर निराश व्हाल.

पोटातली हाउसिंग सोसायटी

मांजराच्या आतड्यात अब्जावधी जिवाणू मुक्कामाला असतात. एखादी गजबजलेली हाउसिंग सोसायटीच समजा. यातले बरेचसे मेंबर कामाचे. कुणी पचनाला हातभार लावतं, कुणी आतड्याच्या अस्तराला लागणारी आम्लं तयार करतं, तर कुणी नुसती जागा अडवून बाहेरच्या उपद्रवी जंतूंना पाय रोवू देत नाही. अँटिबायोटिक येतं ते जखमेतल्या किंवा छातीतल्या जंतूंना पकडायला. पण त्याला या सोसायटीतले सज्जन आणि गुंड वेगळे ओळखता येत नाहीत. धाड पडते ती सरसकट! काही फ्लॅट रिकामे होतात, सोसायटीचा कारभार कोलमडतो आणि शी पातळ होते.

पण थांबा, सगळा दोष जिवाणूंचाच असतो असं नाही. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची जोडगोळी मांजरांना नेहमी दिली जाते. तिने कधीकधी थेट मळमळ होते. मेट्रोनिडॅझोल तर इतकं कडू असतं की गोळी जिभेला लागताच मांजराच्या तोंडातून लाळेची धार लागते. असल्या कडूपणावर प्रोबायोटिक काय करणार? तिथे डॉक्टरांना विचारून गोळी कॅप्सूलमध्ये घालून देणं किंवा औषध बदलून घेणं हाच उपाय. म्हणून मांजराला नेमकं काय होतंय, जुलाब, उलटी की नुसती लाळ, हे आधी नीट बघा. व्हेटला फोन कराल तेव्हा ते पहिलं हेच विचारतील.

विरजणापासून कॅप्सूलपर्यंत

‘चांगले जंतू खा’ ही आयडिया काही आजकालची नाही. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, आंबवलेल्या दुधातले जिवाणू आतड्यासाठी चांगले असावेत, अशी मांडणी त्याने केली होती. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, अर्थात ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पुढे २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात दिल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक.

या व्याख्येतले तीन शब्द लक्षात ठेवा. ‘जिवंत’, ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘फायदा’. दुकानातल्या चकचकीत डब्यांची परीक्षा याच तीन शब्दांवर होते.

आणखी दोन शब्द कानावर पडतील. या जिवाणूंचं खाणं असलेले तंतू म्हणजे प्रीबायोटिक. आणि दोन्ही एकत्र असले की ते सिनबायोटिक. बियाणं आणि खत एकाच पिशवीत, असं समजा.

मांजरांवर खरंच तपासलंय?

हो, तपासलंय. आणि ते माणसांवरून किंवा कुत्र्यांवरून अंदाज बांधून नाही, खुद्द मांजरांवरच.

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या पशुवैद्यकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १६ निरोगी मांजरं घेतली. त्यांना तीन आठवडे रोज क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं आणि त्यानंतर एका तासाने सिनबायोटिक किंवा तशीच दिसणारी डमी कॅप्सूल. कोणत्या मांजराला काय मिळतंय हे नोंदी ठेवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. निकाल काय लागला? सिनबायोटिक मिळत असताना मांजरांच्या उलट्या कमी झाल्या आणि अन्नावरची वासना उडण्याचं प्रमाणही घटलं. मांजर पाळणाऱ्याला यातली दुसरी गोष्ट फार मोलाची वाटेल. का, ते पुढे येईलच.

दुसरा अभ्यास २०१७ चा, कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातला. तिथे मांजरांना एक आठवडा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिलं आणि त्यातल्या काहींना सोबत एंटेरोकोकस फीशियम या जिवाणूचा एसएफ-६८ नावाचा वाण. अँटिबायोटिकमुळे दोन्ही गटांच्या पोटातली जिवाणूंची घडी विस्कटली. पण एसएफ-६८ घेणाऱ्या मांजरांच्या जुलाबांचा जोर कमी होता.

याच वाणाची आणखी एक परीक्षा २०११ मध्ये प्रसिद्ध झाली होती. ती झाली प्राण्यांच्या निवाऱ्यात, आणि विषय अँटिबायोटिकचा नव्हता. अनोळखी जागा, गर्दी, ताण... अशा ठिकाणी मांजरांचं पोट बिघडतंच. एसएफ-६८ मिळालेल्या मांजरांपैकी ७.४ टक्क्यांना दोन किंवा जास्त दिवस जुलाब झाले. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांच्यात हेच प्रमाण २०.७ टक्के होतं.

आकडे बघून लगेच उड्या मारू नका. १६ म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे, आणि ती मांजरंही निरोगी होती, आजारी नव्हेत. पण दिशा कळते. योग्य वाण, योग्य मात्रेत दिला तर कोर्सचे दिवस थोडे सुसह्य होतात.

नाण्याची दुसरी बाजू

२०१८ मध्येच इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधून एक वेगळाच निकाल आला, माणसांवरचा. अँटिबायोटिकनंतर अकरा वाण असलेलं प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात त्यांचे मूळ जिवाणू परतायला जास्त वेळ लागला. काहीच न घेतलेल्यांची सोसायटी आधी भरली! पाहुणे रिकाम्या फ्लॅटमध्ये ठाण मांडून बसले, मग मूळ मेंबर परतणार कसे?

मांजरांत नेमकं हेच होईल असं यावरून म्हणता येणार नाही. पण बोध सरळ आहे. ‘नैसर्गिक आहे, कितीही दिवस चालू ठेवा’ हे काही खरं नाही. कोर्सचे दिवस आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, बस. प्रत्येक मांजराला प्रत्येक गोळीबरोबर ते लागतंच असंही नाही. मस्त खातंय, शी घट्ट आहे, उड्या मारतंय... मग उगाच खिसा का हलका करायचा? आधीच्या कोर्सला पोट बिघडलं होतं, कोर्स लांबलचक आहे, किंवा पोट मुळातच नाजूक आहे, अशा मांजरांसाठी मात्र पहिल्याच दिवशी व्हेटकडे विषय काढा.

आता त्या डब्यावरच्या लेबलाबद्दल. कॅनडात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत प्राण्यांसाठी विकली जाणारी २५ प्रोबायोटिक उत्पादनं लॅबमध्ये पारखली गेली. त्यातल्या १५ डब्यांवर जिवाणूंचा नेमका आकडा छापलेला होता. तेवढे जिवाणू प्रत्यक्षात भरले फक्त चारांत! म्हणून घेताना वाणाचं पूर्ण नाव, सीएफयूचा आकडा आणि एक्स्पायरी डेट बघा. नुसतं ‘गुड बॅक्टेरिया’ लिहिलेल्या डब्याला लांबूनच नमस्कार. आणि मे महिन्यातला आपला उकाडा आठवा. जिवंत वस्तू आहे ती. फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं असेल तर ठेवाच, आणि वाफाळत्या चिकनवर कधीच भुरभुरू नका.

दहीभात चालेल ना?

हा प्रश्न मराठी घरात येणारच. आजी म्हणणार, ‘पोट बिघडलंय ना? थोडं दही घाल त्याला!’ आजीचं प्रेम सोळा आणे खरं. पण दही म्हणजे मोजून-मापून दिलेलं प्रोबायोटिक नव्हे. आपल्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, ते मांजराच्या पोटात टिकतात की नाही, हे कुणी मोजलंय? शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दह्यात ती दुधापेक्षा कमी असते, पण असते. आधीच जुलाब, त्यात हे. आणि मांजर पक्कं मांसाहारी, त्यामुळे भात म्हणजे नुसतं पोट भरणं. चमचाभर दही चाटलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण त्याला उपचार समजू नका.

एक खास सावधगिरी. डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर त्याच वेळी दही-दूध नकोच. या जातीची औषधं दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी लागत नाहीत.

मग केमिस्टकडे मिळणारं माणसांचं प्रोबायोटिक? त्यात बॅसिलस क्लॉसी असतं, सॅकरोमायसिस बोलार्डी असतं. बोलार्डी हे यीस्ट आहे, जिवाणू नव्हे, त्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारत नाही. काही व्हेट ही औषधं मांजरांनाही देतात. पण डोस त्यांनी ठरवायचा, आपण नाही. फार अशक्त किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या मांजराला जिवंत यीस्ट धोक्याचं ठरू शकतं. आणि लहान मुलांच्या गोड, स्ट्रॉबेरी फ्लेवरच्या पावडरीने मांजराला पटवू, असं वाटत असेल तर विसरा. मांजराला गोड चव कळतच नाही! ती ओळखणारा जीन मांजरात बिघडलेला असतो, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं.

नऊ ते नऊवाल्यांचं टाइमटेबल

प्रोबायोटिकमधले जिवाणूही शेवटी जिवाणूच. अँटिबायोटिकबरोबर एकाच घासात दिले तर ते पहिल्या धाडीतच गारद! म्हणून दोघांत अंतर हवं. टेनेसीच्या अभ्यासात ते एक तासाचं होतं. बरेच व्हेट दोन तास सांगतात.

ऑफिस सांभाळून हे जमतं? आरामात! सकाळी आठला निघण्याआधी अँटिबायोटिक. रात्री आठला परतल्यावर दुसरी गोळी. साडेदहाला, टीव्ही बंद करता करता, दोन चमचे ओल्या खाण्यावर प्रोबायोटिक. दिवसातून एकदाच द्यायचं असलं की हे चपखल बसतं. घरी यायला दहा वाजत असतील तर रूममेटला, आईला किंवा शेजारच्या काकूंना एक गोळी वाटून द्या. सुरुवात कोर्सच्या पहिल्या दिवशी करायची, पोट बिघडायची वाट बघत बसायचं नाही.

पावडर आख्ख्या वाटीभर खाण्यात मिसळू नका. अर्धी वाटी तशीच राहिली तर डोस किती गेला हे कळणार कसं? आधी थोडं खाणं पावडरसकट, ते संपलं की बाकीचं.

डॉक्सीची गोळी, पाण्याचा घोट

पोटाची काळजी करताना घशाला विसरू नका. डॉक्सीसायक्लिनची कोरडी गोळी किंवा कॅप्सूल मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसू शकते. तिथे जखम होते आणि पुढे अन्ननलिका आकसूही शकते. म्हणून या गोळीमागून सुईशिवायच्या सिरिंजने पाच-सहा मिली पाणी हळूहळू, गालाच्या बाजूने पाजा. किंवा लगेच थोडं ओलं खाणं द्या. इतर गोळ्यांनाही हीच सवय लावली तर उत्तम.

हे लांबवू नका!

आता मघाची गोष्ट, जेवणाची. आपण दोन दिवस उपाशी राहिलो तर वजन कमी झालं म्हणून खूश होऊ. मांजराचं तसं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि यकृत काम सोडून देतं. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. त्यामुळे कोर्स चालू असताना मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर ‘उद्या बघू’ नको, फोन उचला. सतत उलट्या, शीमध्ये रक्त, चेहऱ्यावर सूज, मलूल पडून राहणं, किंवा लहान पिल्लाला जुलाब... यातलं काहीही दिसलं तर प्रोबायोटिकवर भिस्त न ठेवता थेट डॉक्टरांकडे.

आणि घरातला औषधांचा डबा कडीकुलपात! पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते, कारण ते औषध निकामी करायची यंत्रणा त्याच्या यकृतात जवळपास नाहीच. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकही नको. उदाहरणार्थ एन्रोफ्लॉक्सॅसिन. त्याचा डोस जास्त झाला तर मांजराची दृष्टी जाऊ शकते.

गोळी हवीच का?

सगळ्यात स्वस्त प्रोबायोटिक कोणतं, माहितीये? गरज नसलेलं अँटिबायोटिक न घेणं! मांजराची सर्दी बहुतेकदा व्हायरसने होते. ताप नाही, खाणं-पिणं चालू आहे, मांजर तरतरीत आहे, तर दहा दिवसांपर्यंत अँटिबायोटिकशिवाय लक्ष ठेवायला हरकत नाही, असं प्राण्यांच्या संसर्गावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. तरुण मांजराच्या लघवीच्या तक्रारीतही बऱ्याचदा जंतू नसतातच, ताण असतो. (बोक्याची लघवी पूर्ण अडकली असेल तर मात्र ती इमर्जन्सी. तेव्हा एक मिनिटही थांबू नका.)

परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलला मुंबईकर अजूनही ‘बैलघोडा हॉस्पिटल’च म्हणतात. नावात मांजराला जागा नाही, पण आज तिथल्या रांगेत बास्केटमधल्या माऊ असतातच. तुमचा व्हेट परळचा असो की पुण्यातल्या कोथरूडचा, प्रश्न विचारायला लाजू नका. चिठ्ठी घेऊन धावत सुटण्याआधी दोन मिनिटं थांबा.

व्हेटला हे विचाराच

• हा संसर्ग जिवाणूंचाच आहे ना? थोडं थांबून बघता येईल का?
• या औषधाने पोट बिघडण्याची शक्यता किती? खाण्याबरोबर द्यायचं की रिकाम्या पोटी?
• माझ्या मांजराला प्रोबायोटिक हवं का? कोणता वाण, किती आणि कोर्सनंतर किती दिवस?
• दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवू?
• गोळी दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायची का?
• जुलाब झाले तर कोणत्या टप्प्यावर तुम्हाला फोन करू?
• गोळी घेतच नसेल तर पातळ औषध किंवा इंजेक्शन आहे का?

उत्तरं मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना पाठवा. नाहीतर आई सकाळी एक गोळी देणार, तुम्ही त्याच सकाळी दुसरी देणार, आणि साहेबांना डबल डोस! फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून रोज तीन खुणा करा. गोळी दिली, खाणं खाल्लं, शी कशी होती. सात दिवसांचा हा कागद फॉलोअपला सोबत न्या. डॉक्टर खूश होतील, आणि पुढच्या वेळी कोणतं औषध द्यायचं, कोणतं टाळायचं, हे त्यावरूनच ठरेल.